गाडीचे टायर आणि डिस्क बदलताना : पैसा, माल आणि जीव यांचा हिशेब

देऊळघाट, धाड, बुलढाणा, मोताळा, चिखली या पट्ट्यातील आपल्यापैकी बरेच जण लहान तिजारतीवर किंवा हातच्या कारागिरीवर जगतात. कापड असो, रेडिमेड असो, भांडी, चपला, फर्निचर किंवा फळे असोत, माल आठवडी बाजारात पोहोचतो तो चाकांवरूनच. दुकानाचे भाडे, हमाली, ठोक भाव, उधारी यांचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. मात्र गाडीचे टायर घ्यायची वेळ आली की सारा सौदा एका वाक्यात उरकतो. वडीलधारे म्हणतात, "स्वस्तातला दाखव." पोरे म्हणतात, "स्पोर्ट्स गाडीसारखा रुंद दाखव." दोन्ही वाक्यांत गाडीच्या गरजेचा विचार नाही. म्हणून या अंकात टायर आणि डिस्क बदलताना काय पाहावे, हे व्यापाऱ्याच्या भाषेत मांडत आहोत.

टायर म्हणजे मुळात कापडच

कापडवाल्याने टायरवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की टायरला ताकद येते ती रबरामुळे कमी आणि आतल्या कापडामुळे जास्त. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर केला, तेव्हा रबरी नळीवर कापडच गुंडाळले होते. पुढे मोटारींच्या टायरमध्ये जाड सुती कापड घालू लागले. पण साध्या विणीत ताणा आणि बाणा एकमेकांवर घासत राहतात. चाक फिरेल तसे धागे धाग्यांनाच कापू लागले आणि टायर लवकर फाटू लागले. मग बाणा जवळजवळ नाहीसा करून फक्त पिळाच्या दोऱ्या शेजारी शेजारी रबरात बसवण्याची पद्धत आली. सुताची जागा रेयॉनने, नंतर नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली. आपल्या राज्यात पुण्याजवळ भोसरीला सेंच्युरी एन्का ही कंपनी टायरसाठी नायलॉनचे असे कापड बनवते.

ज्याला आपण 'नायलॉन टायर' म्हणतो त्यात या दोऱ्यांचे थर तिरपे, एकावर एक उलट दिशेने बसवलेले असतात. रेडियल टायरमध्ये दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. फ्रान्सच्या मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये याचे पेटंट घेतले. रेडियलची बाजू मऊ आणि तळ सपाट राहतो. त्यामुळे तो कमी तापतो, जास्त किलोमीटर चालतो आणि इंधन वाचवतो. नायलॉनच्या जाड बाजू दगडगोटे सहन करतात, म्हणून ट्रॉलीला आणि कच्च्या रस्त्याच्या कामाला तो अजूनही चालतो. एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन मात्र कधीही लावू नये. वळणावर आणि ब्रेक दाबताना दोन्हींची चाल वेगळी असते आणि गाडी एका अंगाला ओढते.

टायरवरची अक्षरे वाचायला शिका

ताग्यावर पन्हा, काउंट आणि गिरणीचा शिक्का पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. टायरवरही सगळे छापलेले असते. समजा, बाजूवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे लिहिले आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. यापुढचा आकडा आणि अक्षर बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि व्यापाऱ्याच्या कामाचे तेच असतात.

८८ हा वजनाचा आकडा आहे. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ आणि ८८ म्हणजे ५६० किलो. समजा, माल भरल्यावर तुमच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर १,००० किलो भार येतो. म्हणजे प्रत्येक चाकावर ५०० किलो झाले. तिथे ८२ क्रमांकाचा टायर अपुरा पडेल. ८५ चा जेमतेम पुरेल आणि ८८ चा थोडी सवड ठेवील. आकार तोच असला तरी हा क्रमांक कमी असू शकतो, आणि स्वस्त मिळालेल्या टायरची मेख बरेचदा इथेच असते.

शेवटचे अक्षर वेगाचे. एन म्हणजे ताशी १४० किलोमीटर, क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. एवढ्या वेगाने आपल्याला जायचे नसते, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सहन करतो. वजनाचा क्रमांक आणि वेगाचे अक्षर कंपनीने गाडीसाठी ठरवले आहे त्यापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाही, हा पक्का नियम ठेवावा.

लहान मालवाहू गाड्यांचे टायर वेगळे असतात. टाटा एससारख्या गाडीला '१४५ आर १२ एलटी ८ पीआर' असा टायर येतो. 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा आणि '८ पीआर' म्हणजे आठ थरांच्या तोडीची ताकद. त्याच १२ इंची डिस्कवर कारचा मऊ टायरही चढतो आणि स्वस्तही पडतो. पण माल भरला की त्याच्या बाजू दबतात, दबल्या की तापतात आणि तापल्या की फाटतात. मालाच्या गाडीला कारचा टायर म्हणजे गोणपाटाच्या कामाला मलमल.

तारीख, शिक्का आणि गोटा टायर

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३२४' असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात पडून राहिलेले रबरही म्हातारे होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला माल तर जास्तच. पाच वर्षे झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा, असे टायर कंपन्या सांगतात. नवा म्हणून घेताना तारीख वर्षभराच्या आतली असावी, असा आग्रह धरावा. आय. एस. आय. चा शिक्काही पाहावा. आपल्या देशात मोटारींच्या टायरला तो सक्तीचा आहे.

नक्षीच्या खाचांत आडवी लहान उंचवटे दिसतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. चारचाकीसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, दुचाकी-तीनचाकीसाठी ०.८. पावसात खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते म्हणून चाक रस्ता धरते. गोटा टायर पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक कितीही चांगले असोत, राजूर घाटाच्या किंवा बोथा घाटाच्या ओल्या वळणावर त्यांचा उपयोग नाही.

रिमोल्ड टायरबद्दल एवढेच सांगतो की चांगल्या कारखान्यात, सांगाडा तपासून चढवलेले रबर मोठ्या गाड्यांच्या मागच्या चाकांना चालते. पुढच्या चाकाला ते लावू नये. लहान गाडीला तर त्यापासून लांब राहिलेले बरे. काळा रंग फासून चकचकीत केलेले जुने टायर नव्याच्या शेजारी मांडणारे दुकानदारही असतात. नखाने रंग खरवडला आणि तारीख वाचली की सत्य समोर येते.

डिस्क : पोलादी की मॅग व्हील?

डिस्क वाकली, चिरली किंवा गंजली तरच ती बदलण्याची गरज असते. पोलादी डिस्क जड असते आणि दिसायला साधी असते, पण खड्ड्यात आदळली तर बहुधा वाकते. थोडी वाकलेली डिस्क कारागीर सरळ करून देतो. मॅग व्हील हलके आणि देखणे असते, ब्रेकला हवाही चांगली मिळते. पण जोराचा मार बसला की ते तडकते, आणि तडकलेल्या मॅग व्हीलला झाळून वापरणे म्हणजे धोका विकत घेणे. बाजारहाट करणाऱ्या गाडीला पोलादी डिस्क हाच शहाणपणाचा सौदा.

डिस्क घेताना फक्त इंच सांगून भागत नाही. पहिली गोष्ट नटांची. चार नट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर तिला '४ बाय १००' म्हणतात. काही गाड्यांची '४ बाय ९८' असते. दोन मिलिमीटरच्या फरकाने डिस्क जबरदस्तीने बसतेही, नट घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण ते तिरपे बसलेले असतात आणि पुढे ढिले होतात. दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. ते हबवर नेमके बसले पाहिजे. मोठे असेल तर चाक थरथरते. तिसरी गोष्ट, डिस्क हबवर बसल्यावर चाक किती आत किंवा बाहेर राहते. चाक बाहेर आले की रुबाब दिसतो, पण बेअरिंगवर जादा ताण येतो आणि माल भरल्यावर टायर मडगार्डला घासतो. चौथी गोष्ट डिस्कच्या रुंदीची. १८५/६५ टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि मधूनच झिजतो.

स्पोर्ट्स गाडीची नक्कल

आता तरुणांच्या आवडीचा विषय. चाक मोठे करण्यामागे एक गणित आहे. मारुती स्विफ्टच्या अलीकडच्या पिढ्यांचे उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बाजूची उंची १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२, दोन्हीकडची मिळून २६४. एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. त्याचा व्यास असाच काढला तर ६२१.५. म्हणजे डिस्क इंचाने वाढली, पण चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहिली. म्हणून वेगाचा काटा बरोबर चालतो आणि चाक कुठे घासत नाही.

हा हिशेब न करता कोणी १९५/६५ आर १५ चढवला, तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे दोन टक्क्यांनी जास्त. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०२ ने धावत असेल. फरक लहान वाटतो, पण पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर घासू लागले की टायर कापला जातो. व्यास सांभाळून १९५/५५ आर १६ घेतला तर तो ६२०.९ येतो, म्हणजे गणित जुळते. पण बाजूची उंची पाहा. १४ इंचीला ती १३२ होती, १५ इंचीला १२०, आणि १६ इंचीला फक्त १०७. खड्ड्याचा धक्का खाणारी गादी २५ मिलिमीटरने पातळ झाली. आपल्या रस्त्यांवर तो धक्का टायरची बाजू आणि डिस्कची कड सोसते. बाजूला फुगा आला की समजावे, आतल्या दोऱ्या तुटल्या. असा टायर दुरुस्त होत नाही.

खऱ्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांचे वागणे मात्र शिकण्यासारखे आहे. जर्मनीची पोर्शे कंपनी आपल्या गाड्यांसाठी टायर तपासून मंजूर करते आणि त्यांवर 'एन' ची खूण असते. पुष्कळ स्पोर्ट्स गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, म्हणून ते पुढे-मागे बदलताही येत नाहीत. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत वर्षानुवर्षे १३ इंची चाके होती. २०२२ मध्ये १८ इंची आली तेव्हा गाड्यांची घडणही नव्या नियमांप्रमाणे बदलली गेली. सांगायचे एवढेच की ज्यांच्याकडे पैसा आणि वेग दोन्ही आहेत ते चाक हौसेने बदलत नाहीत, मापाने बदलतात. नक्कल करायचीच तर त्यांच्या शिस्तीची करावी.

कायदा, विमा आणि न्यायालय

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातील तपशील कंपनीच्या मूळ घडणीपेक्षा वेगळे होतील असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून आपल्या मॉडेलसाठी कंपनीने मंजूर केलेल्या मापांतच राहावे. दावा करायची वेळ आली की विमावाला पहिली नजर अशा फेरफारांवरच टाकतो.

याहून महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि एका तरुण प्रवाशाचा अंत झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनीचे म्हणणे होते की टायर फुटणे ही दैवी घटना आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. कमी किंवा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, जादा वेग ही टायर फुटण्याची कारणे माणसाच्या हातची आहेत आणि निघण्यापूर्वी टायर तपासणे हे चालक-मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्यातही "अल्लाहची मर्जी" म्हणून हात झटकणारे आहेत. दुवा करून निघावे, पण हवा तपासून निघावे. निष्काळजीपणाचे ओझे तकदीरीवर टाकणे बरे नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि सुमारे पंचवीस प्रवासी होरपळून गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे 'टायर फुटला' हे वाक्यही आता तपासले जाते. याच मार्गावर प्रवेशद्वारांपाशी टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली. सिंदखेड राजा किंवा मेहकरहून हा मार्ग धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गावच्या रस्त्यावर ४० च्या वेगाने वर्षभर चाललेला थकलेला टायर सिमेंटच्या सलग रस्त्यावर तासाभरात तापून जवाब देऊ शकतो.

खरेदीचा हिशेब

भाव पाहू नये, किलोमीटरमागचा खर्च पाहावा. समजा, एक टायर ४,५०० रुपयांना मिळतो आणि ३५,००० किलोमीटर चालतो. खर्च पडला किलोमीटरला सुमारे १२.९ पैसे. दुसरा ६,००० चा, पण ५०,००० चालतो. खर्च १२ पैसे. तिसरा रिमोल्ड ३,००० चा, १८,००० चालतो. खर्च १६.७ पैसे. सर्वांत स्वस्त दिसणारा टायर सर्वांत महाग पडला. त्यात बाजाराच्या दिवशी रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचे नुकसान धरलेलेच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ५,००० रुपये मूळ किमतीच्या टायरवर १,४०० ऐवजी ९०० रुपये कर पडतो. ट्रॅक्टरच्या टायरवर तर तो ५ टक्के आहे. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला धंद्याच्या मालवाहू गाडीच्या टायरवरील हा कर वजावटीत मिळतो. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. म्हणून दुकानाच्या नावाचे पक्के बिल घ्यावे. बनावटीतला दोष निघाला तर उरलेल्या नक्षीप्रमाणे कंपनीकडून भरपाई मागतानाही हेच बिल कामी येते.

बसवताना आणि नंतर

चार टायर एकदम घेणे परवडत नसेल तर एका ॲक्सलचे दोन एकाच जातीचे घ्यावेत. नवे दोन पुढे लावायची आपल्याकडे पद्धत आहे. टायर कंपन्या मात्र ते मागे लावायला सांगतात. पुढचे चाक घसरले तर स्टिअरिंगवरून लगेच कळते आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हाती काही राहत नाही. पुढचे जुने टायरही अर्थात मर्यादेच्या आतलेच हवेत.

नव्या टायरबरोबर नवा वॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हवा टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या पौंडांप्रमाणे भरावी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि फुटण्याची सुरुवात तिथून होते. नायट्रोजनसाठी पैसे मोजावेत का, असे विचारले जाते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला हवा तपासणारा माणूस साध्या हवेवरही निर्धास्त राहतो. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी.

शेवटची गोष्ट काढलेल्या टायरची. गोटा झालेला टायर आपण दोन-तीनशे रुपयांना देऊन टाकतो आणि तो एखाद्या गरीब फेरीवाल्याच्या गाडीला पुन्हा लागतो. माल विकताना त्यातला ऐब सांगणे हा आपल्या तिजारतीचा पहिला धडा आहे. जो टायर आपल्या लेकरांच्या गाडीला नको, तो दुसऱ्याच्या लेकरांच्या गाडीला जाऊ देऊ नये. तो आडवा चिरून भंगारात द्यावा. त्या दोन-तीनशे रुपयांपेक्षा रस्त्यावरच्या माणसाचा जीव नक्कीच महाग आहे.